आक्काच्या अंगातलं वारं

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. वेशीतून बाहेर पडलं की रस्ता गंगेकडे उतरायला लागतो. त्या उतारावर, घाटाला धरून जी घरं होती, त्यांना गावातले लोक नुसतं 'पुरा' म्हणायचे. आम्ही पुऱ्यातले. पुऱ्यातल्या प्रत्येक घराचं पोट देवावर नाही तर मेलेल्या माणसावर चालायचं. घाटावरचे जोशी दहावं-तेरावं करायचे, न्हावी डोई करायचे, भोई नावेतून माणसं पलीकडे न्यायचे. आम्ही गुरव. घाटावरच्या देवीची झाडलोट, दिवाबत्ती, शेंदूर, नैवेद्य हे सगळं आमच्या घराकडे होतं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या आणि गावातल्या लग्नकार्याला पोचवायच्या, हेही आमचंच काम.

जिल्ह्यातून, कुठून कुठून, लोक राख आणि अस्थी घेऊन यायचे. त्यामुळे घाटावर रोज कुणीतरी रडत असायचं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच गावांत रोज असं रडतात. पायऱ्यांच्या फटीत झेंडू कुजलेला असायचा, कावळे पिंडाभोवती उड्या मारायचे, आणि ओल्या राखेचा वास आमच्या घरातल्या गोधड्यांनाही यायचा. आबा, म्हणजे माझे वडील, पहाटे देऊळ धुवायचे. माय चुलीपुढं असायची. आक्का आणि मी कण्हेरीची, झेंडूची फुलं तोडून आणायचो. आक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. सावळी, उंच, हाडापेरानं मजबूत. बोलायला मात्र लाजरी. पाहुण्यांपुढं पाण्याचा तांब्या ठेवून मागच्या पावली पळून जाणारी.

घाटावर कुणी कुठं धुवायचं, कुठं आंघोळ करायची, हे ठरलेलं होतं. वरच्या अंगाला जोशांचा घाट, मग देवीचा, मग आमचा सगळ्यांचा. खाली एक नाला येऊन गंगेला मिळायचा. नाल्याच्या पलीकडे बौद्धांची वस्ती होती. ते लोक नाल्याखालच्या पाण्यावर यायचे. आक्काच्या शाळेत तिकडची एक मुलगी होती. चौथीनंतर दोघींचीही शाळा सुटली, पण मैत्री सुटली नाही. नाल्याच्या तोंडाशी एक मोठा काळा दगड होता. आक्का अलीकडून, ती पलीकडून, अशा दोघी त्याच दगडावर धुणं आपटायच्या आणि तासन्‌तास बोलत बसायच्या. तिच्या आईला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी शेतात रोजानं जायची. येता-जाता आमच्या मायला आळूची पानं, कधी शेंगा देऊन जायची. माय ती ओट्यावर ठेवून घ्यायची आणि पाणी शिंपडून मग आत न्यायची. मावशीला ते दिसायचं. तरी ती द्यायची.

आक्काचं लग्न मानवतकडच्या एका घरात जवळपास ठरलं होतं. मुलगा जिनिंगमध्ये कामाला होता. बघून गेले, पसंती सांगितली, नवरात्र झालं की बोलणी करू म्हणाले. त्या नवरात्रात आक्कानं नऊ दिवसांचा उपास धरला होता. माळ लागायची, संबळ वाजायचा, आराधी बाया हातात पेटते पोत घेऊन नाचायच्या, आणि मंडपात ऊद-कापराचा इतका धूर व्हायचा की समोरचं माणूस ओळखू यायचं नाही. एका संध्याकाळी आरती चालू असताना आक्का माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला होता. तो हात एकदम गार पडला. मी तिच्याकडे बघेपर्यंत ती खाली बसली होती, केस सुटले होते आणि ती घुमत होती. आवाज तिचा नव्हता. जाड, कुठून तरी खोलातून येणारा.

"वारं आलं! गुरवाच्या पोरीला वारं आलं!" बाया ओरडल्या.

कुणी तिच्या पायावर पाणी घातलं, कुणी मळवट भरला. देवळाचा सगळा कारभार ज्यांच्याकडे होता ते मालक पुढे आले. गावातले मोठे शेतकरी. आमच्या ओट्यावर ते कधी बसले नव्हते आणि आबा त्यांच्यापुढं कधी बसले नव्हते. त्यांनी आक्कापुढं डोकं टेकवलं. "आई, काय चुकलं का आमचं?" असं विचारलं. आक्का म्हणाली, "माझा दिवा इझू देऊ नगा." एवढंच. पण ते ऐकून बाया रडायला लागल्या. आबा खांबाला धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि दुसरंही काही होतं. आज मला वाटतं, तो आनंद होता.

मानवतचे लोक आठ-पंधरा दिवसांत येऊन गेले. बोलायला नम्र होते. जिच्या अंगात देवी येते तिला आमच्याकडे देवीचं झाड म्हणतात. "देवीचं झाड आमच्या घरात कसं पेलायचं? आमी साधी मानसं," म्हणाले, चहा घेतला आणि गेले. माय चुलीजवळ बसून रडली. आक्का तिला म्हणाली, "रडू नको माय. म्या काय केलं का मुद्दाम?"

तिथून पुढं दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या देवळापुढं गर्दी व्हायला लागली. हरवलेली म्हैस कुठं आहे, पोराला ताप का येतो, सून का नांदत नाही, विहिरीला पाणी लागेल का. वालूरकडून, पोखर्णीकडून बैलगाड्या यायच्या. आक्का बोलायची ते दोन-चार शब्द. लोक त्याचा अर्थ लावायचे आणि समाधान मानून जायचे. आधी मी तिचे केस सोडायचे आणि वारं गेल्यावर तिला धरून घरी आणायचे. ती अंग टाकून द्यायची. एकदा मी विचारलं, "आक्का, तुला कळतं का गं तू काय बोलतीस ते?"

"न्हाई. मोटेनं हिरीतलं पानी उपसावं तसं कुणीतरी मला उपसून घेतंय असं वाटतं. मग रिकामं वाटतं. लय रिकामं."

काळ्या दगडावर मैत्रिणीशी बोलताना मात्र ती पहिल्यासारखीच असायची. मैत्रीण हसून म्हणायची, "काय देवीमाय, आज साबन आणलं का न्हाई?" आक्काही हसायची. तिला कुणी असं चिडवणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलून नाल्यापलीकडची माणसं मागत होती ते नाव द्यायचा ठराव झाला. पुऱ्यात विद्यापीठ कुणीच पाहिलं नव्हतं. कॉलेजला गेलेलं पोरगं म्हणाल तर एखाद-दुसरं. पण रेडिओवर बातमी आली आणि गाव बदललं. एसटी बंद पडल्या, रस्त्यावर झाडं तोडून टाकली, कुठं कुठं पूल उखडले असं ऐकू यायला लागलं. देवळाच्या मंडपात संध्याकाळी गडी माणसं जमायला लागली. त्यांत आसपासच्या खेड्यांतलेही असत. मी तिथून फुलांची टोपली घेऊन गेले की ते बोलायचे थांबायचे. आबा दिवा लावायचे आणि कोपऱ्यात बसून राहायचे. घरी आल्यावर माय विचारायची, "काय म्हनायलेत?" आबा म्हणायचे, "काय न्हाई. तुमी दार लावून घ्या."

काळ्या दगडावर जायचं आक्काला बंद केलं होतं.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी बायका-पोरं आलीच नाहीत. नुसते गडी होते. संबळ वाजला, आक्काला वारं आलं. मालकांनी विचारलं, "आई, ही नाल्यापलीकडची मानसं माजलीत. काय करावं?" आक्का घुमत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नारळ ओवाळला. देवी एक शब्द बोलली नाही. थोड्या वेळानं आक्का आडवी झाली आणि ते सगळे कुजबुजत उठून गेले.

आबा त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत गेले होते. अजून पुरता अंधार पडला नव्हता. पाऊस थांबला होता. माय आणि मी आक्काला पाणी पाजत होतो, तेवढ्यात देवळाच्या खालच्या पायरीशी मावशी उभी दिसली. पदराखाली नारळ होता. ती या देवळाशी कधी आली नव्हती. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीतल्या सगळ्या घरांनी आपले देव टोपल्यांत घालून गंगेत सोडले होते. मावशीनं स्वतःच्या हातानं सोडले होते, ते तिनंच आम्हाला अभिमानानं सांगितलेलं. आता ती पायरीवर नारळ ठेवून हात जोडून उभी होती आणि हात थरथरत होते.

"बाई, माझ्या घरधन्याला आन् पोराला सांगू नगा म्या आल्ते म्हनून," ती मायला म्हणाली. मग आक्काकडे वळली. "आई, मानवतला माझी बहीन हाय. तिकडं जावं का घर धरून ऱ्हावं? गठुडी बांधून ठेवलीत. घरधनी न्हाई म्हनतेत. पोरीला दिस गेलेत. तू सांग."

लग्न होऊन गेलेली मैत्रीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ते आम्हाला ठाऊक होतं.

माय म्हणाली, "ती आत्ताच उठली गं. थकलीय." पण आक्काचे केस अजून मोकळेच होते. तिनं डोळे मिटले, डोलायला लागली आणि म्हणाली, "भिऊ नको. घर सोडू नको. मी हाय."

मावशी पायरीवर डोकं टेकवून रडली. नारळ तिथंच ठेवला आणि नाल्याकडे झपाझप निघून गेली. मायनं नारळ उचलून आत नेला. माझ्या काहीच ध्यानात आलं नाही. मला बरं वाटलं होतं, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. खेड्यांतले होते, गावातले होते, पुऱ्यातलेही थोडे होते. हातात काठ्या, कुऱ्हाडी आणि रॉकेलचे डबे. आबांनी आम्हाला आत घेऊन दाराला आतून आडणा लावला. भिंतीत वर एक झरोका होता. त्यातून नाल्यापलीकडचा धूर दिसत होता. ओल्या छपरांचा धूर काळा असतो आणि तो वर न जाता जमिनीवरून सरपटतो. आक्का दाराशी गेली. आडणा काढायला लागली. आबांनी तिला मागं ओढलं.

"सोडा, आबा. म्या तिला सांगितलंय ऱ्हा म्हनून!"

"तू न्हाई सांगितलं. देवीनं सांगितलं," आबा म्हणाले. "देवी बघंल."

आक्का मग भिंतीला टेकून खाली बसली. पुन्हा उठली नाही.

मावशीचा नवरा शेतातून येताना वाटेत सापडला. त्याला मारलं. परभणीच्या दवाखान्यात तो काही दिवस होता आणि तिथंच गेला. घर तर पूर्ण जळालं. मैत्रिणीला उसाच्या फडात लपवलं होतं म्हणून ती वाचली, पण पोटातलं राहिलं नाही. हे सगळं आम्हाला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. त्या वेळी मी पाहिलं ते एवढंच. उरलेली माणसं गंगेच्या काठानं, चिखलातून, डोक्यावर भांडी-कुंडी घेऊन चालली होती. पोलीस आले होते. मावशी आमच्या देवळासमोर क्षणभर थांबली. वर बघितलं. आक्का दारात उभी होती. मावशी पोरीला दंडाला धरून पुढं गेली.

पुढच्या मंगळवारी संबळ वाजला. मंडप भरला होता. लोक नेहमीसारखे आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून, नारळ घेऊन आले होते. त्यांतले कोण कोण त्या बुधवारी नाल्यापलीकडं गेले होते ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. मी आक्काचे केस सोडले. ती देवीपुढं बसली, डोळे उघडे ठेवून. संबळवाला घामाघूम झाला. आरती दुसऱ्यांदा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली. आक्काचा हात माझ्या हातात होता. तो गार पडला नाही. साध्या माणसाच्या हातासारखा कोमट राहिला.

"येत न्हाई," ती शेवटी आबांकडं बघून म्हणाली.

मालक म्हणाले, आई रुसली. विटाळ झाला असणार. मावशी पायरीवर येऊन गेली हे कुणीतरी पाहिलं होतं, ते आता बाहेर आलं. देऊळ गोमूत्रानं धुतलं. मग आक्काला शुद्ध करायचं ठरलं. लिंबाचा पाला, मिरच्यांचा धूर, ओल्या लुगड्यानं गंगेतून येऊन देवीला लोटांगण. ती सगळं करत गेली. खोकून खोकून तिचे डोळे सुजले. आबा तिच्यापुढं हात जोडून बसायचे. बाप मुलीपुढं नव्हे, भक्त देवीपुढं बसावा तसे. "आई, ये. माझ्या घराचा मान ठेव."

"मी तुमची पोरगी हाय, आबा," आक्का म्हणायची.

गर्दी हळूहळू आटली. पुढल्या नवरात्रात भोयांच्या एका सुनेला वारं आलं आणि लोक तिच्याकडे जायला लागले. तिच्या पायावर पाणी घालायला आक्काही गेली. मायनं नको म्हटलं होतं. आक्का म्हणाली, "देवीच हाय ती. माझ्याकडं न्हाई आली म्हनून काय झालं?"

मग दोन-तीन वर्षांनी पोखर्णीच्या बाजूच्या एका खेड्यात, बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. त्याला आधीची दोन लेकरं होती. माणूस वाईट नव्हता, असं ती नेहमी सांगायची. पण सासूला कुणीतरी सांगितलं होतं की पूर्वी हिच्या अंगात यायचं. दर मंगळवारी दिवा लावून ती आक्काला देवापुढं बसवायची. घरात काही आजारपण आलं, पीक बुडालं, की "तू मनावर घेईनास" असं म्हणायची. आक्काला मूलही झालं नाही. काही वर्षांनी नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा आक्का स्वतःच एक पत्र्याची पेटी घेऊन निघाली. पुऱ्यात परत न जाता माझ्याकडे आली.

मी तोवर परभणीत शिक्षिका झाले होते. डी. एड. केलं, नोकरी लागली, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मला लग्न करायचं नाही असं मी लोकांना सांगायचे. खरं म्हणजे आक्काचं सगळं पाहून मला पुऱ्यातल्या माणसांत परत जायचं नव्हतं. आक्का माझा स्वयंपाक करायची, दुपारी पत्रावळी लावायची. देवळात जायची नाही. घरात देव्हारा होता त्यालाही मीच दिवा लावायचे. तिनं कधी लावला नाही आणि मी कधी विचारलं नाही.

एका जूनमध्ये माझ्या वर्गात एक मुलगा आला. त्याला शाळेत सोडायला आलेली बाई माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. ती आक्काची मैत्रीण होती. केस पांढरे व्हायला लागले होते. रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत राहत होती. नवरा हमाली करायचा, भाऊ तालुक्याला कारकून झाला होता. मावशी तिच्याजवळच होती. "कशी हाय गं ती?" असं तिनं आक्काबद्दल विचारलं. मी सांगितलं, माझ्याकडेच आहे. ती म्हणाली, "बरं."

घरी येऊन मी आक्काला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापत राहिली. बरेच दिवस तिनं तो विषय काढला नाही. मग एका रविवारी लुगडं बदलून दारात उभी राहिली. "मला तिकडं घिऊन चल."

मावशी दारापुढच्या बाजेवर बसली होती. एका डोळ्यात फूल पडलं होतं. मैत्रिणीनं आम्हाला आत बोलावलं, चहा ठेवला. घरात तसबिरी होत्या, त्यांना ताजे हार होते. आक्का आत गेली नाही. मावशीच्या पायाशी जमिनीवर बसली.

"मावशी, ओळखलं का?"

"ओळखलं. गुरवाची. देवीचं झाड."

"आता न्हाई येत."

"ऐकलं होतं म्या," मावशी म्हणाली.

आक्का हातातली पदराची गाठ सोडत होती, बांधत होती. मग एकदम बोलली. "मावशी, त्या दिशी तुमी आल्ता तवा वारं गेलं होतं. देवी न्हवती. म्याच बोलले. तुमचे हात थरथरत होते. मला बघवंना. तुमाला बरं वाटावं म्हनून बोलले. आन् ती दगडावर येनारी एकच होती माझी. तुमी गेला असता तर..."

मी तिथंच उभी होते. इतक्या वर्षांत तिनं हे मला सांगितलं नव्हतं. मायला नाही, आबांना नाही, नवऱ्याला नाही. लोक मिरच्यांचा धूर देत होते तेव्हाही नाही.

रुळांवरून एक मालगाडी जात होती, तिचे डबे संपत नव्हते. तिचा आवाज थांबल्यावर मावशी म्हणाली, "हे आता कामून सांगायलीस मला?"

आक्कानं पदराची गाठ मुठीत धरली.

"एवढी वर्सं म्या त्या देवीला शिव्या देते. रोज सकाळी उठले की देते. तुज्या तोंडात माती पडो, म्हनते. माझं मन हलकं हुतं. तू येऊन सांगायलीस की ती न्हवती. आता म्या कुनाला देऊ शिव्या?"

"मला द्या, मावशी."

"तुला?" मावशीनं तिच्याकडं एका डोळ्यानं पाहिलं. "तुला कशा देऊ? तू लेकराएवढी हुतीस."

ती उठली आणि भिंत चाचपत आत गेली. मैत्रिणीनं चहाचे कप आणून आमच्या हातात दिले. तिचा चेहरा कोरडा होता. तिनं सगळं ऐकलं होतं. आक्कानं चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि आम्ही निघालो. घराजवळ आल्यावर तीच म्हणाली, "सांगायला नको हुतं का गं?" मी दाराचं कुलूप काढलं.

त्यानंतर आक्का अधूनमधून तिकडं जायला लागली. कुणी बोलवत नव्हतं, कुणी नको म्हणत नव्हतं. ती मावशीची डाळ-तांदूळ निवडून द्यायची, केस विंचरून द्यायची. मावशी तिच्याशी हवापाण्याचं बोलायची, नातवाच्या अभ्यासाचं बोलायची. त्या दिवसाचं पुन्हा कधीच बोलली नाही. मैत्रीण आणि आक्का पहिल्यासारख्या हसल्या-खिदळल्या नाहीत. मावशी गेली तेव्हा आक्का दोन दिवस तिथंच होती. परत आल्यावर अंगात ताप होता. तो उतरला, पण ती नंतर पहिल्यासारखी उभी राहिली नाही. वाकून चालायला लागली.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला अखेर ते नाव लागलं. परभणीत पोलीस होते, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली. लोकांना भीती होती की पुन्हा काही होईल. रुळांपलीकडं मात्र निळे झेंडे लागले होते आणि फटाके वाजत होते. माझ्या वर्गातला तो मुलगा आता मोठा झाला होता. तो घरी येऊन पेढे देऊन गेला. आक्कानं पेढा हातात घेतला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. "खा की," मी म्हटलं. "खाते," ती म्हणाली. संध्याकाळी तो मी ताटलीत झाकून ठेवला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात, शाळेच्या परीक्षा चालू असताना, आबा वारले. माय आधीच गेली होती. दहाव्याला आम्ही पुऱ्यात गेलो. गंगेला पाणी नव्हतं. वर पैठणला धरण झाल्यापासून उन्हाळ्यात असंच होतं, असं जोशी म्हणाले. पात्रात वाळू उकरून झिरा केला होता, त्यातून तांब्यानं पाणी घेऊन विधी उरकले. राख वाळूवरच पडली. वाऱ्यानं उडायला लागली तेव्हा न्हाव्यानं तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. देवळाला फरशी बसली होती, लाऊडस्पीकर लागला होता. मालकांचा मुलगा आता कारभार बघत होता. त्यानं आक्काला विचारलं, "बाई, घराण्यातल्या तुमीच थोरल्या. पूजेची पाळी तुमी घेता का? लोकान्ला तुमची आठवन हाय." आक्का म्हणाली, "चुलत्याच्या पोराला द्या." गाभाऱ्यात न जाता ती बाहेरूनच वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी ती नाल्याकडे गेली. मीही मागोमाग गेले. नाल्यापलीकडं वेड्या बाभळींचं रान माजलं होतं. एका ठिकाणी जोत्याचे दगड दिसत होते, त्यांवर शेळ्या चढल्या होत्या. शेळ्यांपाशी एक तरुण बसला होता. आक्कानं त्याला विचारलं, "हितं घरं हुती ना रे?"

"हितं? न्हाई जी. हितं कुनी ऱ्हात न्हवतं. ह्ये पहिल्यापासून असंच हाय."

आक्कानं त्याच्याशी वाद घातला नाही. आम्ही स्टँडवर आलो, परभणीची गाडी धरली. उतरल्यावर तिला घरी सोडून मी शाळेकडं निघाले, तर ती म्हणाली, मी रुळांकडं जाऊन येते. मी तिला एकटीला जाऊ दिलं नाही.

मैत्रीण दारात तांदूळ पाखडत होती. आक्का तिला म्हणाली, "गावी गेल्ते. तुमच्या हितं काही उरलं न्हाई गं. बाभळी हायत."

मैत्रिणीनं सूप खाली ठेवलं. "म्हाईत हाय," ती म्हणाली. "आई गेली त्या साली मी जाऊन आले." मग तिनं आक्काला बसायला सतरंजी टाकली आणि दोघी कितीतरी वेळ तांदूळ निवडत बसल्या. मी शाळेला गेले.